मुलाच्या कवटीचं ऑपरेशन : खर्च किती, पैसे कुठून, कागद कोणते?

पुणे-नाशिक महामार्गावरच्या अपघातात किंवा गच्चीवरून पडून मुलाच्या डोक्याला जबर मार लागतो, तेव्हा जीव वाचवण्यासाठी डॉक्टरांना कधी कधी कवटीच्या हाडाचा एक भाग काढून ठेवावा लागतो. मेंदूला सूज आलेली असते आणि बंद कवटीत त्या सुजेला जागा नसते. काही आठवड्यांत सूज उतरते आणि मूल घरी येतं. पण डोक्याच्या एका बाजूला हाड नसल्याने खड्डा दिसतो, तिथे फक्त कातडी आणि तिच्याखाली मेंदू असतो. मग डॉक्टर सांगतात, ‘हाड परत बसवावं लागेल.’ पहिल्या ऑपरेशनने आधीच कर्जात बुडालेल्या घराला हे वाक्य फार जड जातं.

चाकण, महाळुंगे, भोसरी, तळवडे, पिंपरी-चिंचवड या पट्ट्यातल्या अशा पालकांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पहिलं ऑपरेशन अचानक येतं, दुसरं मात्र जवळपास नेहमी तारीख ठरवून होतं. मधले आठवडे तुमच्या हातात असतात. योजनेची चौकशी, कागदपत्रं आणि दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला या तीन कामांत ते लावले, तर ज्या ऑपरेशनला दोन लाख लागतात तेच एक रुपयाही न भरता होऊ शकतं. हीच कामं मूल दाखल झाल्यावर सुरू केली, तर बहुतेकदा उशीर झालेला असतो.

ऑपरेशन नेमकं कशासाठी?

खर्चाआधी हे समजून घ्या, कारण प्रत्येक प्रकाराचं वेळापत्रक वेगळं आहे.

पहिला प्रकार वर सांगितलेला : काढलेलं हाड परत बसवणं किंवा त्या जागी दुसरं काही बसवणं. वैद्यकीय भाषेत याला क्रॅनिओप्लास्टी म्हणतात. सूज उतरलेली असावी, जखम कोरडी असावी, संसर्ग नसावा. साधारण दीड महिना ते सहा महिने हा काळ पाहिला जातो. तोवर मुलाला डोक्यावर संरक्षक हेल्मेट लागतं. मुलांना दिलेल्या तारखेपेक्षा फार उशीर करू नये.

दुसरा प्रकार ‘वाढत्या फ्रॅक्चर’चा. हा बहुतेक तीन वर्षांच्या आतल्या बाळांत दिसतो. पडल्यावर कवटीला चीर जाते, आतलं आवरणही फाटतं, आणि भरण्याऐवजी ती चीर आठवड्यांगणिक रुंदावत जाते. जखम बरी झाल्यावर काही आठवड्यांनी त्याच जागी मऊ, ठोके जाणवणारी सूज दिसली, तर लगेच न्यूरोसर्जनला दाखवा. लहान बाळाच्या कवटीला फ्रॅक्चर झालं असेल, तर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून पुढची तपासणी चुकवू नका.

तिसरा प्रकार जन्मजात. कवटीच्या हाडांमधले सांधे वेळेआधी जुळतात आणि डोकं लांबट, तिरकं किंवा पुढे टोकदार वाढतं. साधारण दोन ते अडीच हजार जन्मांत एका बाळाला हा त्रास असतो. इथे वय फार महत्त्वाचं. बाळ तीन-चार महिन्यांचं असताना लक्षात आलं, तर दुर्बिणीतून छोटं ऑपरेशन आणि नंतर काही महिने खास हेल्मेट, असा मार्ग असतो. तो काळ निघून गेला की मोठं ऑपरेशन करावं लागतं. ते सहसा सहा महिने ते एक वर्ष या वयात करतात, आणि त्यात रक्तही जास्त लागतं.

ज्याला ऑपरेशन लागतच नाही, असं कारणही आहे. एकाच कुशीवर झोपून बाळाचं डोकं एका बाजूने चपटं होतं. कुशी बदलणं, जागेपणी पोटावर खेळवणं एवढ्याने ते बरंच सुधारतं. पण घरचा उपाय कुठे थांबतो, हेही ओळखायला हवं. मोहरीच्या उशीने किंवा आंघोळ घालणाऱ्या मावशींनी डोकं चोळून जुळलेला सांधा उघडत नाही. तीन महिन्यांच्या आत डोक्याचा आकार सरळ होताना दिसत नसेल, सांध्यावर कंगोरा हाताला लागत असेल किंवा टाळू फार लवकर बंद झाली असेल, तर वाट पाहू नका. एका तपासणीचे हजार रुपये इथे पुढचे लाखो वाचवतात.

खर्चाचा मोठा भाग : बसवायचं काय?

सर्जनच्या फीपेक्षाही बिल जास्त हलतं ते या प्रश्नावर.

मुलाचं स्वतःचं हाड सर्वांत स्वस्त. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी काढलेलं हाड पोटाच्या कातडीखाली किंवा खोल शीतपेटीत जपून ठेवतात. डिस्चार्ज कार्डवर ते कुठे ठेवलंय याची नोंद आहे का, हे घरी निघण्याआधी पाहा. एक धोका मात्र माहीत हवा : परत बसवलेलं हाड झिजून विरघळण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त असतं. तसं झालं तर पुन्हा ऑपरेशन लागतं. म्हणून ‘स्वस्त’ एवढंच न पाहता, ‘या वयात हे हाड टिकण्याची शक्यता किती?’ असं विचारा.

हाड वापरता येत नसेल, तर तीन-चार वर्षांपुढच्या मुलांत कवटीच्या दुसऱ्या भागातलं हाड जाडीत दुभंगून त्याचा एक पापुद्रा वापरता येतो. यात वेळ आणि कौशल्य जास्त लागतं, पण बाहेरचं काही विकत घ्यावं लागत नाही. त्यापुढे बोन सिमेंट येतं, मग टायटॅनियमची जाळी, आणि सर्वांत महाग म्हणजे सीटी स्कॅनवरून त्याच मुलाच्या मापाने तयार केलेला भाग. तो टायटॅनियमचा असतो किंवा ‘पीक’, पॉलिएथिलीन अशा टिकाऊ प्लास्टिकचा.

मापाचा भाग काय करू शकतो, हे पुण्याने पाहिलं आहे. २०१७च्या अपघातात कवटीचं मोठं नुकसान झालेल्या चार वर्षांच्या मुलीवर २०१८ साली भारती हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रिया झाली. कवटीचा सुमारे ६० टक्के भाग तिच्या मापाने बनवलेल्या पॉलिएथिलीनच्या हाडाने बदलला गेला. तो भाग अमेरिकेतल्या कंपनीकडून आला होता. एवढ्या मोठ्या पोकळीला मापाचा भागच योग्य. पण तळहाताहून लहान, केसांनी झाकल्या जाणाऱ्या जागेला तोच हवा असं नाही. तिथे जाळीने किंवा स्वतःच्या हाडाने काम होईल का, हे स्पष्ट विचारा.

एक वर्षाच्या आसपासच्या बाळांत आणखी एक मुद्दा असतो. कवटी वाढती असल्याने धातूच्या पट्ट्यांऐवजी शरीरात विरघळणाऱ्या पट्ट्या आणि स्क्रू वापरले जातात. ते महाग असतात, आणि एस्टिमेटमध्ये वेगळे लिहिलेले नसतील तर बिलात अचानक समोर येतात.

खासगी रुग्णालयातला ढोबळ अंदाज

पिंपरी-चिंचवड आणि पुणे परिसरात जनरल वॉर्ड धरून साधारण असे आकडे सांगितले जातात :

- न्यूरोसर्जनची तपासणी : ८०० ते १,५०० रुपये
- थ्री-डी सीटी स्कॅन : ३,००० ते ६,००० रुपये, लहान मुलाला झोपवावं लागलं तर भुलीचा खर्च वेगळा
- एमआरआय (लागला तर) : ६,००० ते १०,००० रुपये
- स्वतःचं हाड बसवणं : १ ते २ लाख
- टायटॅनियम जाळी : दीड ते ३ लाख
- मापाने बनवलेला भाग : साडेतीन ते ६ लाख, त्यात नुसत्या भागाचे दीड ते ३ लाख
- जुळलेल्या सांध्यांचं मोठं ऑपरेशन : ३ ते ६ लाख
- मुलांचा अतिदक्षता विभाग : दिवसाला ८,००० ते २०,००० रुपये

आता एक एस्टिमेट उदाहरणादाखल उलगडून पाहू. मूल आठ वर्षांचं, टायटॅनियम जाळी, दोन दिवस अतिदक्षता विभाग, चार दिवस जनरल वॉर्ड.

- अतिदक्षता २ दिवस, १२,०००प्रमाणे : २४,०००
- वॉर्ड ४ दिवस, २,५००प्रमाणे : १०,०००
- सर्जन : ५०,०००
- भूलतज्ज्ञ : १५,०००
- ऑपरेशन थिएटर : ३०,०००
- जाळी आणि स्क्रू : ४५,०००
- औषधं आणि कन्झ्युमेबल्स : ३०,०००
- तपासण्या, सीटी : १२,०००
- एकूण : २,१६,०००

यातल्या तीन ओळी वाढतात : अतिदक्षतेचे दिवस, जाळी आणि कन्झ्युमेबल्स. अतिदक्षतेत दोनच दिवस वाढले तरी बिल २,४०,००० होतं. म्हणून ‘एकूण किती?’ एवढ्यावर थांबू नका. ‘या तीन ओळी जास्तीत जास्त कुठवर जातील?’ हे लेखी घ्या. जाळीची कंपनी, आकार आणि एमआरपी लिहून मागा. १ एप्रिल २०२०पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली असून त्यांची एमआरपी वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. वापरलेल्या भागाचं बॅच नंबरचं स्टिकर डिस्चार्जच्या कागदांवर लावून घ्या. विम्याला ते लागतं, आणि पुढे कधी तो भाग काढायची वेळ आली तर डॉक्टरांनाही लागतं.

पैसे कुठून? पाच दारं

*१. ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा योजना.* या पट्ट्यातल्या कामगाराने आधी हेच दार ठोठवावं. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल, तर कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के अंशदान जातं. त्यात तुमच्या मुलांचे उपचारही येतात. कंत्राटी कामगारालाही हा हक्क आहे. दोन गोष्टी अनेकांना माहीत नसतात. ओव्हरटाइममुळे पगार २१,०००च्या वर गेला, तरी मर्यादा मोजताना ओव्हरटाइम धरत नाहीत. आणि मूळ पगारच वाढून मर्यादा ओलांडली, तरी चालू अंशदान काळ संपेपर्यंत तुम्ही योजनेतच असता. हे काळ १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असे असतात.

मेंदूचं ऑपरेशन सुपरस्पेशालिटी उपचारांत मोडतं. सुरुवात तुमच्या ईएसआय दवाखान्यातून आणि चिंचवडच्या मोहननगर इथल्या कामगार विमा रुग्णालयातून होते. तिथून रेफरची चिठ्ठी मिळाली की करार असलेल्या रुग्णालयात उपचार कॅशलेस होतात. चिठ्ठी न घेता आधी खासगीत दाखल झालात, तर पैसे परत मिळवणं फार अवघड जातं. सुपरस्पेशालिटीसाठी ठरावीक महिने नोकरी झालेली असावी लागते. म्हणून कंत्राटदार बदलताना अंशदानात खंड पडू देऊ नका, आणि मुलाचं नाव पहचान कार्डावर आहे का ते आजच पाहा.

*२. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना.* २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली ही योजना आता पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या अशा सर्व रेशनकार्डधारकांसाठी आहे. वर्षाला प्रति कुटुंब ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ‘आमचं कार्ड पांढरं’ म्हणून मागे फिरू नका. लातूर, नांदेड, बुलढाण्याहून इथे आलेल्यांना गावाकडचं कार्ड चालतं. ते महाराष्ट्रातलं असलं म्हणजे झालं. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचं आयुष्मान कार्ड असेल तर ते देशभर चालतं. कार्डावर मुलाचं नाव चढलं नसेल, तर जन्मदाखला घेऊन योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा.

पॅकेजमध्ये खाट, सर्जन, भूल, औषधं, जेवण आणि घरी सोडल्यावरची दहा दिवसांची औषधं धरलेली असतात. आरोग्यमित्राला दोनच नेमके प्रश्न विचारा : आमच्या डॉक्टरांनी लिहिलेलं ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसतं, आणि त्यात कोणतं साहित्य येतं? योजनेत दाखल असताना कोणी वरचे पैसे मागितले, तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर तक्रार करा.

*३. धर्मादाय रुग्णालयं.* १ सप्टेंबर २००६पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने लागू झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. निर्धनांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. पुण्यातली केईएम, रुबी हॉल, जहांगीर ही रुग्णालयं यात येतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला मूल दाखल होण्याआधी भेटा.

*४. कंपनीचा मेडिक्लेम.* पगार २१,०००च्या वर असलेल्यांसाठी हा मुख्य आधार. एचआरला विचारा : बाळ पहिल्या दिवसापासून धरलंय का, आणि ‘एक्स्टर्नल कन्जेनिटल’, म्हणजे बाहेरून दिसणारे जन्मजात दोष वगळलेत का? डोक्याच्या जन्मजात आकाराच्या ऑपरेशनला नकार येतो तो बहुतेकदा याच कलमावर बोट ठेवून. अपघातानंतरच्या ऑपरेशनला हे कलम लागत नाही.

दुसरा फटका खोलीचा. वरचंच उदाहरण घ्या. पॉलिसीत खोलीची मर्यादा दिवसाला ४,००० रुपये आहे आणि तुम्ही ८,०००ची खोली घेतली. चार दिवसांच्या भाड्यातले १६,००० तुमच्यावर येतातच. शिवाय सर्जन, भूल आणि थिएटरचे ९५,००० निम्मे धरले जाऊन आणखी ४७,५०० खिशातून जातात. म्हणजे एका खोलीपायी ६३,५०० रुपये. जाळी, औषधं, तपासण्या आणि अतिदक्षतेला ही कात्री लावता येत नाही. लावली असेल तर लेखी हरकत घ्या. दिवसाला ५,०००च्या वरच्या खोलीवर ५ टक्के जीएसटीही लागतो.

*५. अपघात असेल तर.* केंद्राच्या मे २०२५मधल्या योजनेनुसार रस्ते अपघातातल्या जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे कॅशलेस उपचार मिळतात. पोलिसांत नोंद लगेच करा. पण या सात दिवसांत फक्त पहिलं ऑपरेशन बसतं; हाड परत बसवण्याची सोय वरच्या चार दारांतूनच करावी लागते. दोन्ही ऑपरेशनांची सगळी बिलं जपा, आणि पुढच्या ऑपरेशनचं एस्टिमेट मोटार अपघात न्यायाधिकरणातल्या दाव्याला जोडायला वकिलाला सांगा.

यानंतरही रक्कम कमी पडली, तर मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीकडे अर्ज करता येतो; त्याचा कक्ष जिल्हाधिकारी कार्यालयात आहे. मदत थेट रुग्णालयाकडे जाते, भरलेल्या बिलाचा परतावा मिळत नाही. त्यामुळे अर्ज ऑपरेशनच्या आधीच जायला हवा.

कुठे दाखवायचं?

चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी मोफत आहे, आणि पुढची चिठ्ठीही तिथून मिळते. संत तुकारामनगरचं वायसीएम हे महापालिकेचं मोठं रुग्णालय, पुण्यात ससून, पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय जवळ पडतं. पण जागा जवळ आहे एवढ्यावर निवड करू नका. एक वर्षाखालच्या बाळासाठी मुलांचा अतिदक्षता विभाग, लहान मुलांना भूल देण्याचा अनुभव असलेला भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढी या तीनही गोष्टी एकाच छताखाली हव्यात. हे जिथे आहे तिथे दहा किलोमीटर जास्त जावं लागलं तरी जा.

फाइलमध्ये काय हवं?

- पहिल्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट
- सीटीच्या फिल्मसोबत त्याची सीडी किंवा डिजिटल प्रत. मापाचा भाग त्यावरूनच बनतो
- रेशनकार्ड, आई-वडील आणि मुलाचं आधार, जन्मदाखला
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. चाकण-महाळुंगेसाठी तो खेड तालुक्यातून, म्हणजे राजगुरुनगरहून मिळतो. अर्ज सेवा केंद्रातूनही करता येतो
- ईएसआयचं पहचान कार्ड किंवा मेडिक्लेमचं ई-कार्ड
- अपघात असेल तर एफआयआर आणि एमएलसीची, म्हणजे रुग्णालयातल्या मेडिको-लीगल नोंदीची प्रत
- सही-शिक्क्याचं, ओळवार एस्टिमेट

उत्पन्नाच्या दाखल्याला दिवस लागतात. म्हणून पहिल्या डिस्चार्जनंतरच्या आठवड्यातच अर्ज टाका.

डिस्चार्जनंतरचा खर्चही धरा

ऑपरेशन मोफत झालं तरी घराच्या हिशेबात काही रकमा राहतातच : दोन-तीन आठवडे एका पालकाची बुडालेली हजेरी, येण्या-जाण्याचं रिक्षाभाडं, झटके येऊ नयेत म्हणून लिहिलेली गोळी, टाके काढणं, पुढचा स्कॅन. जन्मजात प्रकारात दुर्बिणीच्या ऑपरेशननंतरचं हेल्मेट बाळ वाढेल तसं बदलावं लागतं. ते एस्टिमेटमध्ये सहसा नसतं. एवढ्यासाठी पंधरा-वीस हजार बाजूला ठेवा. ते नसतील, तर सावकाराकडे जाण्याआधी कामगार सोसायटी किंवा कंपनीची उचल विचारा.

जखमेतून पाणी किंवा पू येणं, ताप, सतत उलट्या, झटका, मूल सुस्त होणं, यातलं काहीही दिसलं तर तारखेची वाट न पाहता त्याच रुग्णालयात जा. गाडी नसेल तर १०८ला फोन करा. रुग्णवाहिका मोफत आहे. संसर्ग वेळेत सापडला तर औषधांवर निभावू शकतं. उशीर झाला तर बसवलेला भाग काढावा लागतो, आणि मुलाला पुन्हा पहिल्यापासून सगळं सोसावं लागतं.

ज्यांच्या घरात आज असं मूल आहे, त्यांनी या आठवड्यात तीन कामं करावीत. डिस्चार्ज कार्डवर हाडाची नोंद पाहा. आई-वडिलांपैकी कोणाचा ईएसआय नंबर चालू आहे का ते तपासा. नसेल तर रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राकडे जा. आणि डॉक्टरांकडून दोन पर्यायांचं लेखी एस्टिमेट घ्या, एक स्वतःच्या हाडाचं आणि एक जाळीचं. हे तीन कागद समोर आले की किती पैसे लागतील आणि ते कोण भरणार, हे ऑपरेशनची तारीख ठरण्याआधीच कळतं. मग आई-वडिलांना सगळं लक्ष मुलाकडे देता येतं.